देवमाशाचा तास

शाळेत व्हीआर लॅबचं उद्घाटन असलं की संजय येतोच. निमंत्रणपत्रिकेत त्याचं नाव नसतं, पण प्रमुख पाहुण्यांचं भाषण जरा रंगात आलं की तो हस्तिनापुराहून थेट व्यासपीठावर हजर होतो. ‘ज्याला हे लोक आज व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणतात, ते आपल्याकडे महाभारतकाळीच होतं,’ असं पाहुणे म्हणतात, टाळ्या पडतात, आणि मागच्या रांगेतले विज्ञानाचे सर घड्याळाकडे बघतात. टाळ्यांच्या भरात एक गोष्ट राहून जाते. भीष्मपर्वात व्यासांनी युद्ध दाखवणारी ही दिव्य दृष्टी आधी देऊ केली होती ती खुद्द धृतराष्ट्राला. तो नको म्हणाला. भाऊबंदांचा संहार मला डोळ्यांनी बघायचा नाही, कोणीतरी मला सांगा, म्हणाला. म्हणजे हेडसेट घरपोच आलेला असताना राजानं तो परत पाठवला आणि त्याऐवजी एक सांगणारा माणूस मागून घेतला. इतकं चोखंदळ गिऱ्हाईक कुठल्याच कंपनीला परवडणारं नाही, म्हणून भाषणं संजयापाशीच थांबतात.

अशा उद्घाटनांना पालक म्हणून किंवा पालकांचा शेजारी म्हणून हजर राहण्याचा योग मला अधूनमधून येतो. क्रम ठरलेला असतो. सरस्वतीच्या तसबिरीला हार, दीपप्रज्वलन, स्वागतगीत (पेटी काळी दोनमध्ये, मुली आपापल्या पट्टीत), शाल-श्रीफळ, आणि मग तो चष्मा. परवाच्या समारंभात अडचण आली ती फेट्याची. फेटा शाळेनंच पाहुण्यांना बांधलेला. तो सोडायचा तर अपमान, आणि न सोडता हेडसेटचा पट्टा बसेना. व्यासपीठावर बरीच कुजबुज झाली. शेवटी कंपनीच्या मुलानं पट्टा होता तेवढा सैल केला आणि हेडसेट फेट्यावरूनच चढवला. पाहुणे मागून वऱ्हाडी आणि पुढून पाणबुडे दिसू लागले.

त्यांना समुद्राच्या तळाशी सोडलं. या कंपन्या माणसाला पहिल्यांदा समुद्राच्याच तळाशी सोडतात आणि तिथे देवमासा येतोच येतो. अर्थात तो आम्हा बाहेरच्यांना दिसत नाही. आम्हाला दिसतं ते एवढंच, की सहकारी पतपेढीचे माजी अध्यक्ष तोंड उघडं टाकून ट्यूबलाइटकडे बघताहेत. थोड्या वेळानं त्यांनी धोतराचा सोगा हलकेच वर उचलला. पाणी पायाला लागलं असावं. मग ते दोन पावलं मागे सरले, समईच्या टेबलाला धडकले आणि त्यांनी हात जोडले. ‘या, बसा’ म्हणण्यापुरते जोडले की ‘वाचव रे बाबा’ म्हणून, ते आम्हाला कळलं नाही.

चष्मा उतरल्यावर स्थानिक वार्ताहरानं विचारलं, “साहेब, काय पाहिलंत?”

“मासा,” साहेब म्हणाले. “बराच मोठा होता.”

पुढच्या सतरंजीवरून सातवीतली एक मुलगी चटकन म्हणाली, “सर, देवमासा मासा नसतो. सस्तन प्राणी असतो तो.” तिनं हेडसेट अजून हातातही घेतला नव्हता. पुस्तकाचं पान तेवढं वाचलं होतं. बाईंनी तिला डोळ्यांनी गप्प केलं आणि आभारप्रदर्शन सुरू झालं.

साहेबांना हसायचं कारण नाही, भल्याभल्यांचं असंच होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत जोसलिन पॅरोंग आणि रिचर्ड मेयर यांनी 2018 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विषय होता रक्तातल्या पेशी. काही विद्यार्थ्यांना हेडसेट घालून थेट रक्तवाहिनीत सोडलं. तांबड्या पेशी अंगावर येताहेत, आपण मधून तरंगत चाललोय, असा सगळा थाट. दुसऱ्या गटाला तोच धडा साध्या स्लाइडवर दिला, ज्यानं त्यानं आपल्या गतीनं पुढे सरकवायचा. मग परीक्षा घेतली. धडा जास्त आवडला तो रक्तवाहिनीतून गेलेल्यांना, आणि मार्क जास्त पडले ते स्लाइडवाल्यांना. जे रमले ते वाहून गेले, जे कंटाळले ते शिकले. ‘आनंददायी शिक्षण’ अशी पाटी बघून देणगी भरलेल्या पालकांना ही बातमी कोणी सांगू नये.

पुढच्याच वर्षी कोपनहेगनच्या गुइडो माक्रान्स्की यांनी (सोबत मेयर होतेच) 52 विद्यार्थ्यांना संगणकातल्या प्रयोगशाळेत धाडलं, साध्या पडद्यावरून आणि हेडसेटमधून. डोक्याला मेंदूचे तरंग टिपणारी यंत्रणा लावलेली. हेडसेटमध्ये ‘आपण खरंच तिथे आहोत’ ही भावना जास्त निघाली आणि शिकणं कमी. शोधनिबंधाच्या मथळ्यातच त्यांनी हे सांगून टाकलं आहे. दरवेळी निकाल असाच लागतो असं नाही, काही ठिकाणी हेडसेटवाले थोडे पुढेही गेलेत. पण शिकणं कमी होण्याचं कारण काही फार खोल नाही. मुलाच्या डोक्यात एका वेळी जेवढी जागा असते, तेवढी सगळी देवमासा एकटाच अडवून बसतो. पाठचा आवाज ‘हा उष्ण रक्ताचा असून फुप्फुसांनी श्वास घेतो’ असं सांगत असतो, पण एवढं मोठं धूड नाकासमोरून जात असताना त्याच्या फुप्फुसांची चौकशी कोण करणार?

पॅरोंग-मेयर जोडीचा दुसरा प्रयोग मात्र मला फार आवडला. त्यांनी तीच रक्तवाहिनीची सफर मध्येमध्ये थांबवली आणि प्रत्येक टप्प्यावर विद्यार्थ्यांना पाहिलेल्याचा सारांश लिहायला लावला. लगेच शिकणं वाढलं आणि गोडीही कमी झाली नाही. सारांश! ‘खालील उताऱ्याचा एक तृतीयांश शब्दांत सारांश लिहा व त्यास योग्य शीर्षक द्या.’ ज्या प्रश्नाला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शिव्या घातल्या, जो सोडवताना मूळ उताऱ्यातलं प्रत्येक तिसरं वाक्य उतरवून आम्ही वेळ मारून नेली, तो प्रश्न पॅसिफिकच्या किनाऱ्यावरून ताज्या संशोधनाचा शिक्का घेऊन परत आला आहे. आमच्या मराठीच्या बाईंना हे कळायला हवं होतं. त्यांनी फक्त चष्मा सरळ केला असता आणि म्हटलं असतं, “मग? उतारा लिही.”

शाळा उद्यापासून पालटणार, असं सांगणाऱ्यांची परंपराही जुनी आहे. थॉमस एडिसननं 1913 साली भाकीत केलं होतं की आता सिनेमाच शिकवील, शाळेतली पुस्तकं लवकरच बाद होतील, दहा वर्षांत सगळी पद्धत पालटेल. त्यानंतर रेडिओ आला, टीव्ही आला, बालचित्रवाणी येऊन गेली, संगणक कक्षांत संगणकांवर प्लॅस्टिकची झबली चढली, आणि जूनमध्ये बालभारतीच्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालायचं काम घरोघरी चालूच राहिलं. मॉर्टन हायलिगनं 1962 साली ‘सेन्सोरामा’ नावाच्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्यात ब्रुकलिनमधून मोटारसायकलची फेरी मारताना खुर्ची थरथरायची, वारा लागायचा आणि वाससुद्धा यायचे. पैसा घालणारं कोणी भेटलं नाही, म्हणून ते तिथेच राहिलं. आयव्हन सदरलंडनं 1968 साली डोक्यावर घालायचा संगणकी पडदा केला, तो इतका जड की छताला टांगावा लागे. लोक त्याला डॅमोक्लिसची तलवार म्हणत. डोक्यावर काहीतरी टांगलेलं असताना शिकणं ही अवस्था आमच्या दहावीच्या मुलांना नवी नाही.

त्यातल्या त्यात शाळांना परवडणारं एक प्रकरण 2014 साली गूगलनं काढलं होतं. पुठ्ठ्याचं खोकं, दोन भिंगं, पुढे आपलाच मोबाइल. वर्षभरात ‘एक्स्पिडिशन्स’ नावाच्या सफरी आल्या, बाईंच्या हातात टॅबलेट, मुलांच्या डोळ्यांना खोकी, आणि बाई बोट ठेवतील तिकडे वर्गानं बघायचं. साधी, स्वस्त, आणि बाईंना कामावर ठेवणारी योजना. ती 2021 साली बंद झाली. तेव्हा जगभरची मुलं घरात कोंडलेली होती आणि कुठल्याही सफरीला एका पायावर तयार होती.

हे सगळं थोतांड आहे असं मात्र कोणी समजू नये. एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टनला पियानो आणि ऑर्गनचा कारखाना होता. पोराला विमानाचं वेड आणि शिकवणीची फी अवाच्या सवा. त्यानं 1929 साली कारखान्यातले ऑर्गनचे भाते आणि हवेचे पंप जोडून एक बुटकं विमान बनवलं. ते जागचं हलत नसे, पण तिरपं व्हायचं, नाक वर करायचं, गिरकी घ्यायचं. विमानाच्या शाळांनी नाकं मुरडली, जत्रा भरवणाऱ्यांनी मात्र ते खेळणं म्हणून घेतलं. पुढे 1934 साली अमेरिकेच्या सैन्यावर हवाई टपाल वाहायची पाळी आली. रात्र, धुकं, हिमवर्षाव, आणि वैमानिक पटापट मरू लागले. तेव्हा सैन्याला ते जत्रेतलं खेळणं आठवलं. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्या निळ्या खोक्यात बसून, ढगाआड काही दिसत नसताना नुसत्या काट्यांवर विमान चालवायला शिकले. चुकले तर भात्यातली हवा जायची, जीव जात नसे.

येल विद्यापीठातलं 2002 सालचं उदाहरण तर पित्ताशयाचं आहे. दुर्बिणीतून पित्ताशय काढायला शिकणाऱ्या 16 डॉक्टरांपैकी काहींना आधी आभासी यंत्रावर हात बसवायला दिला. खऱ्या शस्त्रक्रियेत पित्ताशय सोडवताना हे 29 टक्के जलद निघाले आणि त्यांच्या चुकाही कितीतरी कमी झाल्या. गंमत म्हणजे त्या यंत्राला डोळ्यांवर घालायचं काही नव्हतंच. समोर साधा पडदा आणि हातात चिमटे. डोळ्यांना गुंडाळण्यापेक्षा हातांना काम देणं महत्त्वाचं, एवढं कळायला आपल्याला शल्यविशारद व्हायची गरज नाही. पित्ताशय ज्याचं आहे त्याला हा मुद्दा लगेच पटेल.

स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांची अख्खी कारकीर्द हेडसेटच्या प्रयोगशाळेत गेली. ते सांगतात, खरी गोष्ट करणं जिथे धोक्याचं, अशक्य, अंगाशी येणारं किंवा फार महाग असेल तिथेच हा चष्मा चढवा. आग विझवायची तालीम, पेशीच्या पोटात शिरणं, झाड न तोडता जंगलतोड समजावणं, अख्ख्या तुकडीला अंटार्क्टिका दाखवणं. शाळेचं माहितीपत्रक हे पाचवं कारण त्यांच्या यादीत नाही. ते आपण घातलं.

कारण मी पाहिलेल्या एका पॅकेजमध्ये हेडसेट घातला की आपण एका वर्गात उभे राहतो. समोर फळा, बाकं, खिडकी, खिडकीबाहेर झाड. फळ्यावर न्यूटनचा दुसरा नियम. हेडसेट काढला की पुन्हा वर्ग, फळा, बाकं, खिडकी, झाड. फरक म्हणाल तर आतल्या झाडाखाली कोणाची स्कूटर लावलेली नव्हती आणि आतल्या बाकांवर कोणी कर्कटकानं बदाम कोरलेला नव्हता. त्याच पॅकेजमध्ये तिसरीचा परिसर अभ्यास होता. परिसर अभ्यास! ज्या विषयासाठी पोरांना दाराबाहेर काढायचं, त्यासाठी त्यांचे डोळे झाकून खुर्चीत बसवायचं. कंपनीच्या मुलाला मी हे बोलून दाखवलं. तो नम्रपणे म्हणाला, “काका, बाहेर ऊन असतं.”

प्रत्यक्ष तासाची तर वेगळीच त्रैराशिकं आहेत. पट 60, हेडसेट 5, तास 35 मिनिटांचा, तर प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला किती देवमासा येईल? बारा तुकड्या पडतात आणि एका तुकडीला तीन मिनिटंसुद्धा येत नाहीत. त्यातलं एक मिनिट पट्टा आवळण्यात जातं. दुसरं “बाई, धूसर दिसतंय”, “अगं, तू आधी तुझा चष्मा काढ”, “बाई, मग काहीच दिसत नाही” यात. हे सगळं पाचही हेडसेट चालू असतील तर. सहसा एकाचं चार्जिंग संपलेलं असतं आणि एक अपडेट होत असतो. उरलेली पंचावन्न मुलं काय करतात? ती आत गेलेल्यांना मागून गुदगुल्या करतात. आतल्या मुलाला वाटतं मासा चावला. तो ओरडतो, सगळा वर्ग हसतो, आणि त्या तासात वर्गाला मनापासून झालेला आनंद तो एवढाच.

जवळून पाहिलं तर हेडसेटच्या आतला स्पंज ही मोठी वाचनीय वस्तू आहे. सोमवारी नवा असताना तो काळा असतो. शुक्रवारपर्यंत त्यावर पाचवी अ ते सातवी क पर्यंतचं खोबरेल तेल, पावडर, अष्टगंध आणि दोन वेण्यांच्या रिबिनीचे धागे जमा होतात. पुसायला दिलेला कागद उद्घाटनाच्या दिवशीच संपलेला असतो. मग सर स्वतःच्या रुमालानं भिंगं पुसतात, आणि खडूची पूड लागलेल्या रुमालानं पुसल्यावर समुद्राच्या तळाशी धुकं पडतं. वयाचाही एक प्रश्न आहे. मेटा कंपनीची आधी तेरा वर्षांची अट होती, 2023 साली पालकांच्या देखरेखीत ती दहावर आली. तिसरीचं पोर आठ वर्षांचं असतं, हे परिसर अभ्यास विकणाऱ्याला कोणी विचारत नाही.

शिवाय काही मुलांना मळमळतं. घाटातली एसटी आठवा. तिथे कानातलं यंत्र सांगत असतं की आपण वळणं घेतोय, आणि डोळे पुढच्या सीटकडे बघून म्हणतात, छे, आपण तर गप्प बसलोय. हेडसेटमध्ये भांडण उलटं. डोळे म्हणतात आपण पोहतोय, कान म्हणतो आपण बाकावर आहोत. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळल्या नाहीत की शिक्षा पोटाला होते. एसटीत आजी आवळासुपारी काढते, इथे शिपाईमामा बादली आणतात. मधल्या सुट्टीनंतरचा तास व्हीआरला देऊ नये, हे वेळापत्रक करणाऱ्या सरांना आता कोणी सांगावं लागत नाही.

काही महिन्यांनी हेडसेट कपाटात जातात. कपाट मुख्याध्यापकांच्या खोलीत, किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात, आणि मुख्याध्यापक पंचायत समितीच्या मीटिंगला. कपाटात जाण्याआधी त्यांची नोंद रीतसर होते, ती जडवस्तू संग्रह नोंदवहीत. वरच्या ओळीत ‘लोखंडी स्टूल, नग 4’, खालच्या ओळीत ‘व्हीआर हेडसेट, नग 5’. तपासणीला साहेब येतात, नग मोजतात, पाच भरले की सही करतात. त्या पाचांतून किती मुलांना काय कळलं, यासाठी नोंदवहीत रकाना नाही.

आपल्याकडे चित्र दाखवून समजावून सांगायचं हे काम चांगलं करून दाखवणारी माणसं होऊन गेली आहेत, आणि तीही सिनेमा यायच्या आधी. कल्याणचे महादेव पटवर्धन आणि त्यांचे मुलगे 1890 च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ दाखवत. काचांवर हातानं रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग, आणि काचा अशा सरकवायच्या की पडद्यावरची माणसं हालचाल करताना दिसावीत. अंधारात सगळं गाव एकत्र बसलेलं, आणि बाजूला उभं राहून कथा सांगणारा माणूस. कोणाला काही कळलं नाही तर शेजारी विचारायची सोय होती. लहान पोर घाबरलं तर आईची मांडी होती. हेडसेटमध्ये पडदा उत्तम आहे, चित्रं पटवर्धनांनी स्वप्नातही पाहिली नसतील अशी आहेत. पण प्रत्येक प्रेक्षक एकटा आणि कथेकऱ्याला सुट्टी. ती सुट्टी रद्द केली तर माझी त्या चष्म्याशी काही तक्रार नाही. दहा मिनिटं देवमासा, मग चष्मा खाली, आणि बाईंचा प्रश्न: त्याची शेपटी वरखाली हलत होती की आडवी? माशाची कशी हलते? मग हा कोण? असे तीन प्रश्न विचारणारी बाई असेल तर पाच हेडसेट पुरेत. नसेल तर पन्नासही कमीच पडतील.

आता प्रवेशाचे दिवस येतील. चौकाचौकांत फ्लेक्स लागतील आणि त्यांवर चष्मा घातलेलं, तोंड उघडं टाकलेलं एक गोरंगोमटं पोर असेल. फी भरायला जाल तेव्हा हेडसेट कुठल्या कंपनीचा हे विचारू नका, ते ते आपणहून सांगतील. कपाटाची किल्ली कोणाकडे असते ते विचारा. आणि चष्मा उतरवल्यावर मुलांशी बोलतं कोण, तेही विचारा. उत्तरादाखल एखाद्या बाईंचं नाव मिळालं तर फी भरून टाका. ॲपचं नाव मिळालं तर जवळच्या साध्या शाळेचा फॉर्म आणा, त्याची मुदत बहुधा अजून संपलेली नसते.